बुधवारचा बॅरिस्टर

केप कोस्ट
सोमवार, ३ जुलै १९११

ती. एफुआताईस,
धाकट्याचा नमस्कार.

सोबत तीन वस्तू पाठवतो आहे. आपल्या फान्टी लोकांच्या चालीरीतींवर मी लिहिलेलं पुस्तक, वर्तमानपत्राचं एक कात्रण आणि एक अर्ज. पुस्तकाला धुराचा वास लागू देऊ नकोस.

कात्रण घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखव. त्यात मी जाहीर केलं आहे की आजवर एडविन थॉर्नटन डिक्सन म्हणून ओळखला जाणारा बॅरिस्टर यापुढे आपल्या खऱ्या, देशी नावानं ओळखला जाईल : क्वेसी एजिर. पाद्र्यांनी डकवलेलं नाव मी काढून फेकलं. ज्या वारी मूल जन्मतं त्या वाराचं नाव ते घेऊन येतं, ही आपली रीत. मिशनच्या वहीत माझा जन्म १४ मार्च १८६९ असा आहे. जुनी दिनदर्शिका काढून पाहिली, तर रविवार निघाला. रविवारचा म्हणून क्वेसी. एजिर हे आईच्या मामांचं नाव, ते तुला ठाऊकच आहे. सभेत हे जाहीर केलं तेव्हा लोक पाच मिनिटं टाळ्या वाजवत होते.

आता अर्जाचं. सरकार जंगलाचं बिल आणतं आहे. आपली रानं 'राखीव' करायची आणि चाव्या स्वतःकडे ठेवायच्या, असा बेत आहे. त्याविरुद्ध अकरा गावांच्या राजांच्या सहीच्या खुणा घेऊन मी लंडनला मंत्र्यासमोर उभा राहणार आहे. दहा खुणा आल्या. मी टपालानं अर्ज धाडले, गावोगावच्या मिशनच्या मास्तरांनी ते वाचून दाखवले आणि राजांनी खुणा केल्या. उरलं आपलं ओतुक्रोम. सगळ्यात मोठं रान त्याचंच, त्यामुळे त्याच्यावाचून अर्जाला वजन नाही. राजे नाना एसुआन यांच्यापुढे अर्ज ठेव, खूण घे आणि पाठवून दे. आगबोट २४ ऑगस्टला सुटते.

मी स्वतः आलो असतो, पण कोर्टाचं सत्र चालू आहे.

तुझा,
क्वेसी एजिर (एडविन)

*

ओतुक्रोम
रविवार, ९ जुलै

चि. एडविन,
अनेक आशीर्वाद. क्वेसी का म्हटलं नाही, ते खाली कळेल.

पुस्तक पोचलं. मासे धुरीवर टाकले की मला दोन तास फावतात, तेवढ्यात अर्धं वाचलं. वास लागला आहे, त्याला माझा इलाज नाही. पान ४१ वर तू लिहिलं आहेस की बारशाला बाळाच्या जिभेवर सातव्या दिवशी पाणी नि जिन दारूचा थेंब ठेवतात. आठव्या दिवशी रे बाबा. तू एक तरी बारसं डोळ्यांनी पाहिलं आहेस का? बाकी छपाई सुरेख आहे.

अर्ज घेऊन नानांकडे गेले होते. नाना थेट कुणाशी बोलत नाहीत, त्यांचा काठीवाला बोलतो. हे तू पुस्तकात बरोबर लिहिलं आहेस. काठीवाल्यानं विचारलं, "मागणारा कोण?" मी कात्रण बघून म्हटलं, क्वेसी एजिर. तो म्हणाला, "असा कुणी आपल्या गावात नाही." मी म्हटलं, आमचा एडविन हो. तर तो म्हणाला, "मग तो रविवारचा केव्हापासून झाला?"

आता मला खोटं बोलता येईना. एडविन, तू बुधवारचा आहेस. मिशनच्या वहीचं काय घेऊन बसलास? तो पाद्री गावात यायचाच मुळी रविवारी, त्यामुळे त्याच्या वहीत अख्खं गाव रविवारी जन्मलं आहे. मी नऊ वर्षांची होते, मला लख्ख आठवतं. आदला दिवस मंगळवार, दर्याचा विसाव्याचा दिवस, सगळ्या होड्या वाळूवर. बाबा अंगणात बसून जाळं सांधत होते तेव्हा आईला कळा सुरू झाल्या. बुधवारी पहाटे बाबांनी आपली निळ्या पट्ट्याची होडी लोटली आणि परत येऊन बघतात तर तू हजर. तेव्हा तू क्वेकू. क्वेसी नाहीस.

हे ऐकून नानांनी काठीवाल्याच्या कानात काही सांगितलं. काठीवाला म्हणाला, "ज्याला स्वतःचा वार माहीत नाही, त्याच्या कागदावर नाना खूण कशी करतील?" मी तुझी बाजू घ्यायला गेले, पण पुस्तक हातात होतं ना. पान ६३. चुकीच्या वाराच्या नावानं बोललेलं पूर्वजांना ऐकू जात नाही, असं तूच छापलं आहेस. नानांना ते पान फार आवडलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

अर्ज माझ्याकडेच आहे. माशांपासून लांब ठेवला आहे.

ताई

*

केप कोस्ट
गुरुवार, १३ जुलै

ती. ताईस,

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. जाहिरात दोनदा छापून झाली. दारावरची पाटी बदलली. टोपणनावानं नव्हे, खऱ्या नावानं लढतो असं मी तीन सभांतून सांगितलं आहे. आणि तू म्हणतेस, नावच खोटं.

शिवाय नाव तरी कुठलं? क्वेकू. अगं, आपल्या गोष्टींतला तो आठ पायांचा लबाड कोळी, जो सगळ्यांना गंडवतो, त्याचं नाव क्वेकू. गव्हर्नरच्या पंक्तीला बसणारं ते दुसरं वर्तमानपत्र टपूनच बसलं आहे. बुधवारचा निघालो, तर पहिल्या पानावर माझं डोकं नि आठ पाय छापतील.

आता वकील म्हणून विचारतो. साक्षीदार त्या वेळी नऊ वर्षांची होती. घटनेला बेचाळीस वर्षं झाली. लेखी पुरावा विरुद्ध आहे. दुसरा साक्षीदार कोण? अराबामावशी असेल, तर ती मला अजून थोरल्या भावाच्या नावानं हाक मारते, आणि आपल्याला थोरला भाऊ कधी नव्हताच. तू नानांना एवढंच सांग की तुझी आठवण पक्की नाही. खोटं बोल असं मी म्हणत नाही. फक्त शंका व्यक्त कर. शंकेचा फायदा नेहमी आरोपीला मिळतो.

सव्वा महिना उरला आहे, ताई. ओतुक्रोमची खूण नसेल तर लंडनमध्ये पहिला प्रश्न हाच येईल की स्वतःच्या आईचं गाव बॅरिस्टरच्या मागे का नाही. मग बाकीच्या दहांचाही उपयोग नाही. थट्टा पुरे कर.

तुझा,
(सध्या बिननावाचा) भाऊ

*

ओतुक्रोम
बुधवार, १९ जुलै

चि. भाऊस आशीर्वाद.

शंका व्यक्त करून आले. काठीवाला म्हणाला, "शंका असेल तर बारसं परत करा." झालं, सगळ्या म्हाताऱ्यांनी तेच धरलं. तुझं बारसं नीट झालंच नव्हतं म्हणे. पाद्र्यानं डोक्यावर पाणी शिंपडलं आणि आईला दटावलं, की जिभेवर जिन ठेवाल तर मंडळीतून नाव काढीन. आई बिचारी घाबरली. तेव्हा आता येत्या २ ऑगस्टला, बुधवारी पहाटे, तुझं बारसं. अराबामावशी तुला मांडीवर घेणार आहे. ती ब्याऐंशीची आहे आणि तुझं वजन तुला माहीत, पण ती ऐकत नाही.

पांढरं लांब कापड आण, खांद्यावरून घ्यायला. विजार चालणार नाही. डोलीतून येऊ नकोस, बाळं डोलीतून स्वतःच्या बारशाला येत नाहीत. सालटपाँड बंदरापर्यंत ये काहीतरी करून, पुढे चाल. मंगळवारी पोच, म्हणजे होड्या वाळूवर असतील आणि गाव घरात असेल.

आणखी एक निरोप. नाना म्हणाले, कागद टपालानं आला तसा टपालानं परत जाऊ शकतो. माणूस आला, तर बघू.

कोर्टाचं सत्र चालूच असेल. सात वर्षं चालू आहे म्हणा.

ताई

*

केप कोस्ट
मंगळवार, २५ जुलै

ताई,

येतो. मंगळवारी संध्याकाळी पोचेन, बुधवारी विधी उरकून दुपारी निघेन. न्यायमूर्तींना 'कौटुंबिक धार्मिक कार्य' असं कळवलं आहे. कुणाचं बारसं, असं त्यांनी विचारलं. मी पुतण्याचं म्हणून सांगितलं. कुणाला काही बोलू नकोस.

ए.

*

केप कोस्ट
बुधवार, ९ ऑगस्ट

ती. ताईस,

पोचलो. पायांना फोड आहेत. तुम्ही सगळ्यांनी मिळून माझं काय केलं ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढेमागे खटला भरता येईल.

बेचाळीस वर्षांच्या माणसाला अंगणात आणून उघड्या गुडघ्यांनी जमिनीवर ठेवलं. मावशीनं मांडीवर घ्यायचा हट्ट केला आणि निम्मा मी मावशीवर, निम्मा तुझ्यावर. माझे गुडघे आजोबांसारखे आहेत यावर बायकांचं एकमत झालं. काठीवाल्यानं जिभेवर पाणी ठेवलं आणि म्हणाला, "पाणी असेल तर पाणी म्हण." मग जिन ठेवली. "जिन असेल तर जिन म्हण." तीन वेळा. तिसऱ्या वेळी मागून कुणीतरी म्हणालं, "वकील आहे, घोट पोटात गेल्याशिवाय कबूल करायचा नाही." मग तुम्ही सगळे "क्वेकू, क्वेकू" म्हणून ओरडलात. तू सगळ्यात मोठ्यानं.

मला वाटलं, सुटलो. पण नाना म्हणाले, बाळाला लगेच घराबाहेर काढत नाहीत. म्हणून बसलो तुझ्या ओट्यावर माशांचा धूर खात. गुरुवारी नाना काठीवाल्याला घेऊन आले आणि म्हणाले, वाच. मी इंग्रजी अर्ज वाचायला लागलो, तर काठी जमिनीवर आपटली. आपल्या बोलीत वाच. 'राखीव' हा शब्द मी शंभर भाषणांत वापरला असेन, पण आपल्या बोलीत सांगताना तोंडातून निघेना. शेवटी सांगितलं, की रान तुमचंच राहील, पण शिरायला परवानगी लागेल. नाना म्हणाले, "म्हणजे सासुरवाडी." अख्खं अंगण हसलं आणि मला तीन पानांत जमलं नव्हतं ते कळलं त्यांना.

दोन दुपारी एकेक ओळ घेतली. मावशीनं विचारलं, गोगलगायी वेचायला परवानगी लागेल का? आळंबी? जळण? तुझ्या धुरीचं लाकूड? मी अर्जात सोन्याच्या खाणी, महोगनीचं लाकूड, घटना आणि हक्क, सगळं घातलं होतं. गोगलगायी राहिल्याच होत्या. पावसाळ्यात निम्मं गाव त्यावर जगतं आणि मी लहानपणी टोपलीनं वेचल्या आहेत. मला लाज वाटली, खरंच सांगतो. शनिवारी नवं कलम लिहिलं, वाचून दाखवलं, तेव्हा नानांनी खूण केली.

इकडची हकीकत ऐक. दुसऱ्या वर्तमानपत्राला कुठूनसं कळलंच. आठ पाय छापले. मी डोकं धरून बसलो. मग बाजारातून चाललो होतो, तर मक्याची केंकी विकणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "सरकारला गंडवायला क्वेकूच पाहिजे होता. क्वेसीचं काय काम?" आता सभेत लोक तेच ओरडतात. पाटी पुन्हा बदलली.

चोवीसला निघतो. इतकी वर्षं आलो नाही, त्याबद्दल तू एक शब्द बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

तुझा,
क्वेकू

*

ओतुक्रोम
शुक्रवार, २५ ऑगस्ट

चि. क्वेकूस,
अनेक आशीर्वाद.

काल माडाखालून तुझ्या बोटीचा धूर दिसला. ती नजरेआड झाल्यावरच हे पत्र लिहायला घेतलं, मुद्दाम. हे तुला लंडनला मिळेल. तिथून तू परत फिरू शकत नाहीस.

तू रविवारचा आहेस. पाद्र्याची वही बरोबर होती.

बाबा दर्यावर होते हे खरं, पण ते रविवारही पाळायचे नाहीत. मिशनच्या देवळाची घंटा वाजत होती आणि आई घंटेपेक्षा मोठ्यानं ओरडत होती. मला सगळं आठवतं. मंगळवार, जाळं, पहाट, मी सगळं रचलं. नानांपुढे "मागणारा कोण" असं विचारलं तेव्हा माझ्या मनात आलं, खरंच कोण? आईच्या मातीला तू काळा सूट घालून सकाळी आलास नि दुपारी गेलास. त्याला सात वर्षं झाली. दर महिन्याला तुझं पत्र यायचं, आणि त्यात आपल्या चालीरीती किती थोर आहेत ते असायचं. मला राग यायचा. पत्र चुलीत घालावंसं वाटायचं आणि घालवायचं नाही. नुसतं 'ये' म्हटलं असतं तर सत्र चालू असतं. म्हणून म्हटलं, बुधवार.

पण पाणी नि जिन जिभेवर ठेवून खरं बोल म्हणतात, तिथे मी पूर्वजांच्या समोर खोटं ओरडले. झोप लागेना. सोमवारी जाऊन नानांना सांगून टाकलं. नाना या वेळी काठीवाल्याला बाजूला सारून स्वतः बोलले. म्हणाले, "एफुआ, त्या रविवारी मी देवळामागे पेरू चोरत होतो. तुझ्या आईचा आवाज मीही ऐकला." म्हणजे म्हातारा पहिल्या दिवसापासून जाणून होता. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, "मलाही तो पोरगा बघायचा होता. त्याची नुसती शाई बघून कंटाळलो होतो."

पूर्वजांना एक मेंढा द्यावा लागला. माझा काळा. तू मात्र आता काय करणार? अर्जावर क्वेकू, पाटीवर क्वेकू, साहेबांपुढे क्वेकू. कुणी उलट तपासणी केली आणि माझ्या खोटेपणापायी अर्ज बुडाला, तर मी जन्मभर स्वतःला माफ करणार नाही. रागावलास तर रागावून लिही, पण लिही.

ताई

*

लंडन
गुरुवार, १२ ऑक्टोबर

ती. ताईस,

रागावलो नाही. मला ठाऊक होतं.

पंधरा वर्षं खोट्या साक्षी ऐकतो आहे. खरा साक्षीदार अडखळतो. बेचाळीस वर्षांपूर्वीच्या होडीच्या पट्ट्याचा रंग न विचारता सांगणारा साक्षीदार मी पहिल्याच पत्रात ओळखला. वाद घातला तो सवयीनं. आलो तो आधी खुणेसाठीच आलो, हेही खरं सांगतो. पण मावशीच्या मांडीवरून घसरताना तुम्ही सगळे ओरडलात, तेव्हा वार कुठलाही असला तरी हरकत नाही असं वाटलं. तुझा मेंढा फुकट गेला.

आता अर्जाचं. काल मंत्र्याच्या कचेरीत सुनावणी झाली. लांब टेबल, तीन साहेब आणि शपथ. नावाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. त्यांना आपली नावं सगळी सारखीच. त्यांनी वेगळंच विचारलं. या राजांना वाचता येत नाही, मग कशावर खूण करतो आहोत हे त्यांना ठाऊक होतं कशावरून? वाचून कुणी दाखवलं? कुठल्या भाषेत? तुम्ही हजर होता का?

एकेक गाव घेतलं. दहा वेळा मला म्हणावं लागलं की मी हजर नव्हतो, मिशनच्या मास्तरांनी वाचलं. मास्तरांनी काय सांगितलं ते मला माहीत नव्हतं. साहेब दर वेळी शांतपणे एक कागद उचलायचा आणि उलटा ठेवायचा. दहा कागद उलटे झाले, ताई. आणि त्या दहा गावांना मी पत्रानं कळवलं होतं की तुमचा आवाज लंडनला घेऊन जातो आहे.

मग ओतुक्रोम. मी म्हटलं, हजर होतो. दोन दुपारी, एकेक ओळ, आमच्या बोलीत. साहेब म्हणाला, त्यांना कळलं याचा पुरावा काय? मी म्हटलं, एकोणिसावं कलम वाचा, ते त्यांचं आहे, मी फक्त लिहून घेतलं. त्यानं वाचलं. गोगलगायी, आळंबी, जळण. पहिल्यांदा हसला. मग शेजारच्याला दाखवलं, तो हसला नाही. त्यानं विचारलं, याचा विचार बिल लिहिणाऱ्यांनी केला होता का? तिघंही बिलाची पानं चाळायला लागले.

तो एक कागद सुलटा राहिला. त्याच्यावर ठरलं की बिल या वर्षी पुढे जाणार नाही, आधी माणूस पाठवून चौकशी होईल. जिंकलो असं म्हणत नाही. वेळ मिळाला आहे. डिसेंबरात परतलो की उरलेल्या दहा गावांना पायी जाणार आहे आणि ओट्यावर बसून वाचणार आहे. सत्र चालू असलं तर चालू राहू दे.

एक गोष्ट मात्र तुलाच सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही. नाना टपालानं खूण द्यायला तयार झाले असते, तर अकरावा कागदही उलटा झाला असता. आणि तो उलटा होऊ नये म्हणून मी शपथेवर सांगितलं असतं, की हो, मी हजर होतो, मीच वाचून दाखवलं. मी तसं बोललोच असतो, ताई. तुला अर्ज धाडला तेव्हाच ठरवलं होतं, आईच्या गावाबद्दल माझ्यावर कोण शंका घेणार? तुझ्यामुळे मला ते खोटं बोलावं लागलं नाही.

मावशीला सांग, बाळ खुशाल आहे.

तुझा धाकटा,
क्वेकू